झाडणीचा पहिला मान

हा गुडघाभर उंचीचा दगड दिसतो ना, याला झाडणीचा धोंडा म्हणतात. नेरवळीच्या देवराईतून परतणारा प्रत्येक माणूस इथे थांबतो आणि खिसे, पदर, टोपी, पिशवी, सगळे झाडून दाखवतो. राखीव जंगलाचा तो फलक लागला अगदी अलीकडे. ही झडती त्याच्या कितीतरी आधीची आहे. तुमच्यातल्या चष्मेवाल्या पाहुण्यांनी मघाशी एक बी उचलून खिशात टाकली, ती मी पाहिली आहे. राग मानू नका, पण या धोंड्यापाशी आम्ही कुणावरच विश्वास ठेवत नाही. त्याला कारण आहे.

फार पूर्वी या राईचा राखणदार धाकू नावाचा माणूस होता, असे सांगतात. राईतले वाळके पानही बाहेर न्यायचे नाही, हा देवीचा नेम, आणि तो पाळला जातो की नाही हे बघणे धाकूचे काम. त्याच्या घराण्याला आणखी एक शपथ होती. राईत ककणेर घरटे करतात. पुस्तकात त्यांना धनेश म्हणतात, मोठ्या पिवळ्या चोचीचे पक्षी. मादी उंच झाडाच्या ढोलीत शिरते, तोंड आतून लिंपून घेते आणि पंखांची पिसे गाळून बसते. मग नर फटीतून भरवेल तेच तिचे अन्न. नर मेला तर आत मादीही उपाशी आणि पिल्लूही. म्हणून ढोलीचे झाड कोणते, हे राखणदाराने कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचे नाही.

एका वर्षी शिमगा झाला आणि राईवरून जाणारा नराच्या पंखांचा तो मोठा आवाज बंद पडला. चार दिवसांनी धाकूला झुडपांच्या एका जाळीखाली काळ्या-पांढऱ्या पिसांचा लपवलेला पुंजका सापडला. नराला कुणीतरी मारले होते, आणि ते गावातल्याच कुणीतरी, कारण परक्याला या राईत वाट सापडत नाही. धाकूने पिसे पुरून टाकली आणि तोंड मिटले. त्या दिवसापासून तो भेटेल त्याच्या हातांकडे बघू लागला, म्हणे. सख्ख्या भावाच्यासुद्धा.

मादी जगवायची तर आता त्यालाच भरवायला हवे होते. राईतल्या फळाला हात लावायचा नाही, म्हणून तो आपल्या परसातली उंबरे फडक्यात बांधून नेई आणि ढोलीपर्यंत चढून तिला देई. गावाला दिसे ते एवढेच, की राखणदार दिवसातून चार-चार वेळा आत जातो, अंग ओरबाडून परत येतो, कमरेला काहीतरी बांधलेले असते आणि विचारले तर नजर चुकवतो. कुणी म्हणे मध काढतो, कुणी म्हणे देवीचे पुरलेले दागिने उकरतो. गावाचा मुख्य मानकरी रवळू गावकर, तो तर सगळ्यांत मोठ्याने बोलत होता.

शेवटी एका दुपारी सगळा गाव या धोंड्याशी जमला. धाकू बाहेर येताच गावकराने त्याला फडके झाडायला लावले. चार उरलेली उंबरे खाली पडली. राईतले फळ बाहेर आणणाऱ्याचे घर मोडून त्याला गावाबाहेर काढायचे, असा नियम होता. ही माझ्या परसातली आहेत, असे धाकू म्हणाला. मग ती राईत कशाला नेतोस, असे गावकराने विचारले. खरे सांगितले असते तर धाकू तिथेच सुटला असता, पण नराला मारणारा याच गर्दीत उभा होता आणि मादी अजून ढोलीत होती. धाकूची बायको रडत होती, काहीतरी बोला म्हणून विनवत होती. त्याने रिकामे फडके पुन्हा एकदा झटकले आणि तो बोलला.

“माझां झाडून झालां. आता सगळ्यांनी झाडा. पयलो मान गावकाराचो.”

लोक हसले, म्हणे. पालखीला, होळीला, सगळीकडे पहिला मान गावकराचाच. पण गावकर हसला नाही. त्याचा हात कमरेच्या चंचीवर गेला आणि तिथेच राहिला. मग कुणीच हसेना. गावकराच्या भावानेच ती चंची सोडवून घेतली आणि धोंड्यावर पालथी केली. पान, सुपारी, तंबाखू आणि पिवळ्या चोचीचा अर्धा उगाळलेला तुकडा. गुडघ्याच्या वातावर ककणेराची चोच उगाळून लावावी, असे कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवले होते. त्याच क्षणी राईतून मादीने हाक दिली, असे सांगतात. मला विचाराल तर ती हाक रोजच येत असणार, गावाने त्या दिवशी ऐकली.

रवळूने धोंड्यावर डोके टेकले. म्हणाला, “झाड खंयचां ता दाखव. मी भरवतंय तिका.”

“उंबरां हाडा, गावकारानू,” धाकू म्हणाला. “झाड इचारू नकात.”

त्याच दुखऱ्या गुडघ्यांनी रवळू रोज उंबरांची टोपली इथवर आणू लागला, आणि पुढे ती धाकू नेई. वैशाखात मादी पिल्लासह बाहेर पडली. पुढच्या वर्षी नवा नर आला, तरी टोपली चालूच राहिली, कारण न जाणो, पुन्हा कुणाचे गुडघे दुखायला लागले तर? रवळू वीस वर्षे एकही दिवस चुकला नाही. मरताना त्याने झाड कोणते ते पुन्हा विचारले, म्हणे. धाकूने त्याच्या तोंडात पाणी घातले, पण झाड सांगितले नाही.

आजही माघापासून वैशाखापर्यंत गावकराच्या घरून टोपली येते आणि राखणदाराच्या घरचे माणूस ती पुढे नेते. धोंड्याशी हाताची घडी घालून उभी आहे ना, ती शेवंता, धाकूच्या वंशातली. तुम्ही मघापासून मला ढोलीचे झाड विचारता आहात. मी सत्तर वर्षे या राईच्या तोंडाशी राहतो आणि मला ते ठाऊक नाही. मी रवळू गावकराच्या घरातला. एकदा मीही शेवंताला विचारून पाहिले होते. तिने टोपली उचलली आणि निघून गेली, तेव्हा वाईट वाटले, खोटे कशाला बोलू.

चला, सरका जरा. ती माझ्याकडेच बघते आहे. आधी हे माझे खिसे, मग तुमची ती बी.