वाघाची एकादशी

"पण हरायचं म्हणजे नेमकं काय करायचं, बाबा?"

येसूबाबा ओसरीवर बसून सुपात तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"टप्प्याटप्प्याने सांगितलंत तरी चालेल," पाहुणा म्हणाला. "मी लिहून घेत नाही. माझ्या लक्षात राहतं."

पाहुणे होते एअर मार्शल दिनकर सरनोबत, निवृत्त. तरुणपणी त्यांनी लढाऊ विमानं उडवली. मग तुकडी सांभाळली, मग अख्खा तळ. शेवटची काही वर्षं दिल्लीत बसून, विमानं कुठून उडावीत आणि कुठे आदळू नयेत, याच्या योजना आखल्या. त्यांच्या योजना पुढच्या पिढीचे अधिकारी अजून घोकतात. अडल्यानडल्यांना सल्ला देणाऱ्या येसूबाबांना भेटायला वाईच्या पलीकडची ही टेकडी ते चालत चढून आले होते आणि चढताना त्यांनी तीन ठिकाणी थांबून पाहिलं होतं, की इथे तोफ कुठे बसवता येईल.

"कुणाला हरवायचंय?" बाबांनी विचारलं.

"हरवायचं नाही. हरायचंय. मला."

"का?"

"बायको परत येत नाही त्याशिवाय."

बाबांनी शेंग खाली ठेवली.

"सांगा."

सरनोबतांनी उजव्या हाताची तीन बोटं वर केली. ही त्यांची जुनी सवय. कुठलीही गोष्ट ते तीन मुद्द्यांत सांगत.

"एक. निवृत्त झाल्यावर मी घराची पाहणी केली. व्यवस्था विस्कळीत होती. दोन. मी स्वयंपाकघराची फेररचना केली. जे जास्त लागतं ते पुढच्या फळीत, जे कमी लागतं ते मागे. गहू, तांदूळ, तेल पुढे. मोहरी चिमूटभर लागते, म्हणून मोहरीची नेमणूक माळ्यावर."

"माळ्यावर?"

"शिडीची सोय केली होती."

"आणि तीन?"

"तीन..." सरनोबतांचं तिसरं बोट जरा वाकलं. "कढईत तेल तापलं होतं. हेमाने विचारलं, मोहरी कुठाय? मी म्हटलं, मागच्या फळीत. तिने गॅस बंद केला. माझं नाव रंगवलेली जुनी काळी ट्रंक काढली, तिच्यात साड्या भरल्या, आणि मिरजेला बहिणीकडे निघून गेली. दिवाळीआधी. आता होळी आली, बाबा."

"काही बोलल्या नाहीत?"

"बोलली ना. दारात उभी राहून म्हणाली, 'कुणाकडून तरी, कशात तरी, एकदा मनापासून हरा. हरलात की कळवा. येते.'"

बाबा पुन्हा शेंगा सोलू लागले.

"मग हरून बघितलंत?"

"बघितलं. क्लबात एक जुने सहकारी आहेत, बिलियर्ड्स खेळतात. त्यांचा हात कापतो, डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांच्याकडून हरायचं म्हणजे फार मोठी मोहीम होती. आठवडाभर आखणी केली. हरलो. तिथूनच हेमाला फोन लावला."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, कसे हरलात?"

"तुम्ही?"

"म्हटलं, ठरल्याप्रमाणे."

बाबांचा शेंगेवरचा हात थांबला.

"फोन कट झाला," सरनोबत म्हणाले.

बाबांना ठसका लागला. पाणी प्यायल्यावर त्यांनी ओसरीच्या फरशीकडे बोट केलं. फरशीवर वाघबकरीचा पट कोरलेला होता. रेघा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

"खेळता?"

सरनोबतांचे डोळे चमकले. "हरायला?"

"खेळायला."

वाघ बाबांचा, बकऱ्या सरनोबतांच्या. वाघाने बकऱ्या खायच्या, बकऱ्यांनी वाघाला कोंडायचं, इतकाच खेळ. बकऱ्या म्हणून तुरीचे दाणे. वाघ म्हणून बाबांची सुपारी.

सरनोबतांनी पहिली बकरी वाघाच्या तोंडाशी ठेवली.

वाघ बाजूला सरकला.

दुसरी बकरी त्यांनी उघड्यावर सोडली. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. कुठल्याही वाघाला मोह व्हावा अशी.

वाघ कोपऱ्यात जाऊन बसला.

"बाबा, ही बकरी सुटी आहे."

"दिसतेय."

"खा ना मग!"

"एकादशी आहे आज वाघाची."

सरनोबतांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी तिसरी बकरी पुढे ढकलली, चौथी ढकलली. सगळ्या बकऱ्या मरायला रांगेत उभ्या राहिल्या. वाघ कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. बकऱ्यांचा असा घोळका जमला, की शेवटी त्याला हलायला जागाच उरली नाही.

"कोंडला की हो वाघ," बाबा म्हणाले. "जिंकलात."

"हे बरोबर नाही!" सरनोबत ताडकन उठले. "तुम्ही मुद्दाम हरलात!"

"तुम्हीही तेच करत होतात."

"पण मी आधी ठरवलं होतं!"

"ते खरं."

"पुन्हा खेळू या. मी वाघ घेतो."

"घ्या. आमच्या बकऱ्या बाहेरच येणार नाहीत."

सरनोबत ओसरीच्या कडेला गेले. खाली दरीत नदी दिसत होती, पलीकडे वाईची देवळं. त्यांनी पाठीमागे हात बांधले. हात सोडले. पुन्हा बांधले. मग एकदम वळले.

"थांबा. मी हरायला आलो होतो. तुम्ही मला हरू दिलं नाहीत. म्हणजे हरण्याच्या बाबतीत तुम्ही मला हरवलंत. म्हणजे मी हरलो! खरं ना?"

"असेल."

त्यांनी खिशातून फोन काढला. बोट नंबरावर नेलं... आणि तिथेच थांबवलं.

"ती विचारेल, कसे हरलात."

"विचारतील."

"मला हे सगळं समजावून सांगावं लागेल."

"तीन मुद्द्यांत."

सरनोबतांनी फोन खाली ठेवला. टेकडीवर वारा होता. बाबांनी एकेक दाणा पटावरून उचलून पुन्हा सुपात टाकला. सुपारी उचलून कनवटीला लावली.

"साहेब," बाबा म्हणाले, "आयुष्यात कुणी कधी तुम्हाला तोंडावर सांगितलंच नाही का, की चुकलात म्हणून?"

"सांगितलंय. माझ्या तुकडीत तसा नियमच होता. मीच केला होता." सरनोबत खाली बसले, आणि पहिल्यांदाच जरा सैल बसले. "विमानं उतरली की सगळ्यांनी एका खोलीत जमायचं. टोपी दाराबाहेर काढून ठेवायची. टोपीबरोबर हुद्दाही बाहेर. आत जो सगळ्यांत धाकटा, त्याने आधी बोलायचं. मी शेवटी. कुरियन नावाचा एक पोरगा होता, नुकताच मिसरूड फुटलेला. एकदा म्हणाला, 'सर, आज तुमच्या वळणामुळे मी मेलो असतो.'"

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"कडू लागलं?"

"फार. कान तापले. पण काय करणार? माझी पाळी शेवटी होती. गप्प बसून ऐकलं. माझी पाळी आली तेव्हा बोलायला काही उरलंच नव्हतं. पोरगा बरोबर होता. ते वळण मी बदललं. त्यावर पुढे मला पदक मिळालं."

"पोराला?"

"त्याचं..." सरनोबतांनी घसा खाकरला. "त्याचं नाव मी शिफारशीत घातलं होतं. बहुतेक."

बाबांनी सुपातला एक किडका दाणा वेचून बाहेर टाकला.

"पण नियम चांगला होता, बाबा. इतर तळांनी उचलला. त्या नियमामुळे किती पोरं वाचली असतील!"

"आणि घरी आधी कोण बोलायचं?"

"घरी?"

"घरी."

सरनोबतांनी फरशीवरच्या झिजलेल्या रेघेवरून बोट फिरवलं.

"घरी विमानं नसतात, बाबा," सरनोबत म्हणाले.

बाबा उठून आत गेले. डब्याचं झाकण वाजलं. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात शेंगदाण्याचा लाडू होता. लहान मुलाच्या मुठीएवढा, गुळाचा, कडक.

"लावा फोन. आवाज मोठा ठेवा, मला कमी ऐकू येतं."

सरनोबतांनी लावला. "काय बोलू पण? निदान एक रूपरेषा—"

"सांगतो. तोंड उघडा."

चाळीस वर्षं वरून आलेला हुकूम सरनोबतांनी कधी मोडला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं. बाबांनी अख्खा लाडू आत बसवला.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"बोला. आता कशात हरलात?"

"हं," सरनोबत म्हणाले.

"काय?"

"हं."

"अहो, बरं नाहीये का तुम्हाला? आवाज असा का येतोय? शेजारी कुणी आहे का? फोन द्या त्यांच्याकडे!"

"मी येसूबाबा बोलतोय, ताई. साहेब अगदी ठणठणीत आहेत. तुम्ही बोला, ते ऐकताहेत."

"हे? ऐकताहेत?"

"हो."

मिरजेच्या त्या घरात मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"खरंच ऐकताय?" हेमलताबाईंनी विचारलं.

"हं."

"मग ऐका. मोहरीचं मी केव्हाच विसरले. मोहरीसाठी कुणी घर सोडतं का? माळ्यावरून काढली असती मी. इतकी वर्षं सगळं काढत-घालतच आले की. दर बदलीला पडदे कापून नव्या खिडक्यांना बसवले. कुठे पंजाबी शिकले, कुठे आसामी. तुम्ही घरी यायचात आणि मला सांगायचात, की पंजाबी लोक कसे असतात."

सरनोबतांच्या उजव्या हाताची तीन बोटं हळूहळू वर आली.

बाबांनी पुढे होऊन ती एकेक करून मिटवली.

"आणि त्या तळावर," बाई म्हणाल्या, "जिथे आपली चित्रा चालायला लागली. सकाळी तुम्ही चौघं उडायचात. आम्ही सगळ्या बायका खिडकीत. गेली तेवढी विमानं परत आली का, मोजायचं. कुणी कुणाला सांगायचं नाही की मोजतोय, पण कणीक मळता मळता सगळ्यांच्या माना वर. चार आली, की सगळीकडे एकदम पोळपाट वाजायला लागायचे. एके दिवशी तीनच आली..."

लाडू चावण्याचा आवाज थांबला.

"त्यांत तुमचं नव्हतं. मला त्याचा आकडा पाठ होता. कुणी काही सांगेना. तुम्ही इंधन संपत आलं म्हणून दुसऱ्याच तळावर उतरला होतात, हे मला संध्याकाळी कळलं. जीपमधून आलात. बूट काढता काढता म्हणालात, 'सगळं ठरल्याप्रमाणे झालं.' चहा मागितलात. मी दिला."

सरनोबत फोनकडे बघत होते.

"त्या दुपारी मी काय ठरवलं होतं, ते तुम्ही नाही विचारलंत. कधीच. मी तुमचे कपडे घडी करून ठेवले होते. हिरवा स्वेटर सासूबाईंकडे पाठवायचा, बाकीचे वाटून टाकायचे. चित्राला आत्ताच काही सांगायचं नाही, शाळेत जायला लागली की सांगायचं. कसं सांगायचं तेसुद्धा... शब्द ठरवले होते मी. तुम्ही चहा पीत होतात तेव्हा ते शब्द माझ्या तोंडात होते. अजून आहेत."

वारा पडला होता. बाबांनी सूप बाजूला सरकवलं.

"एवढंच सांगायचं होतं," बाई म्हणाल्या. "मोहरी कसली घेऊन बसलात."

सरनोबतांच्या मिशीला गुळाचे कण चिकटले होते आणि नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

"अहो," बाईंचा आवाज बदलला. "तुम्ही मधे एकदाही बोलला नाहीत."

सरनोबतांनी नुसती मान हलवली.

"बाबा, हे आहेत ना तिथे?"

"आहेत, ताई. इथेच आहेत."

"बरं..." बाईंनी नाक ओढल्याचं ऐकू आलं. "शनिवारच्या गाडीने येते म्हणावं. स्टेशनवर आलात तरी चालेल. फक्त हमालांना सूचना देत उभं राहू नका."

फोन बंद झाला.

सरनोबत तसेच बसून राहिले. मग हळूहळू त्यांची पाठ ताठ झाली. छाती पुढे आली. डोळे पुसून ते बाबांकडे वळले, आणि आवाजात तो जुना, योजनांच्या खोलीतला उत्साह परत आला.

"बाबा! येतेय ती! म्हणजे या मोहिमेचा निकाल काय धरायचा? जिंकलो, की हरलो? कारण याचा नीट अभ्यास केला तर तरुण अधिकाऱ्यांना—"

"तोंडात लाडू असताना बोलू नये," बाबा म्हणाले.

"लाडू? लाडू तर केव्हाच संपला, बाबा!"

"तरीसुद्धा."