शेवटी सोडायचा मासा

“...मग त्याला एकट्यालाच का ठेवायचं नाही?”

बसलिंगने प्रश्न याच शब्दांत विचारला होता का, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकत नाही. शाळा सुटल्यावर मी मठाच्या ओसरीवर पोचलो तेव्हा बोलणं आधीच सुरू झालेलं होतं, आणि हल्ली माझ्या आठवणीवर माझाच फारसा विश्वास उरलेला नाही. शब्द इकडचे तिकडे झाले असतील. पण त्या प्रश्नातला राग मला नीट आठवतो.

गडहिंग्लजच्या अलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी तो लहानसा मठ होता. ओसरीवर काचेची नवी टाकी आणि तिच्या शेजारी लोणच्याच्या बरणीत एक निळा मासा. एका भक्ताच्या मुलीने सासरी जाताना तो मठात आणून ठेवला होता. दुकानात या माशाला फायटर म्हणतात.

“बरणीत त्याला धड वळता येत नाही,” स्वामीजी म्हणाले. “मोठं घर दे त्याला. आणि चार सोबती आण.”

“फायटर आहे तो, स्वामीजी. सोबत्यांना फाडून टाकतो.”

“दुसऱ्या फायटरला फाडतो. बारक्या, साध्या माशांबरोबर राहतो की.”

“राहत नाही. मला माहीत आहे.”

“तुला त्याचं बरंच माहीत दिसतंय.”

...

बसलिंग लहानपणापासून मठात वाढलेला. स्वामीजींच्या पूजेचं पाणी तोच आणायचा. पंगतीत त्यांच्या उजव्या हाताला तोच बसायचा. त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याशी वळकटी असायची तीही त्याचीच. पण अलीकडे मठात तिघं नवे साधक राहायला आले होते, आणि तेव्हापासून त्याचं डोकं फिरलं होतं.

“तो मडिवाळ घोरतो,” बसलिंग म्हणाला.

“मीपण घोरतो.”

“तुमचं निराळं.”

स्वामीजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. नव्या तिघांपैकी मडिवाळ तिथेच बसला होता. तोही हसला. त्यामुळे बसलिंग जास्तच चिडला.

काम मात्र त्याने जीव लावून केलं. वाळू सात-आठ पाण्यांनी धुतली. विहिरीचं पाणी भरून ते निवळू दिलं. दगड रचून मधोमध एक गुहा केली, पाणवनस्पती लावल्या. स्पंजचा फिल्टर अगदी मंद ठेवला, कारण या माशाला जोराचा प्रवाह सोसत नाही. तो उडी मारतो म्हणून वर जाळीचं झाकणही केलं.

आणि सगळ्यात आधी त्याने फायटरला सोडलं.

मठात जुन्याचा मान पहिला. वाढायला सुरुवात होते ती जुन्यापासून, तीर्थ मिळतं तेही जुन्याला आधी. फायटर आधी आलेला, म्हणून तो आधी. यात काही चूक असेल असं कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मग काही दिवसांनी त्याने चंदेरी रंगाचे बारके मासे आणून सोडले.

फायटर गुहेतून बाहेर आला. कल्ले फुगवले, शेपूट पंख्यासारखं पसरलं, आणि एकेकाला टाकीभर पळवू लागला. एका बारक्या माशाची शेपटी फाटली. तो कोपऱ्यात, तळाशी, धापा टाकत पडून राहिला.

“बघितलंत?” बसलिंगचे डोळे भरून आले होते आणि आवाजात जिंकल्याची धार होती. “एका जागी एकच राहतो, स्वामीजी. ते तिघं तरी जातील, नाहीतर मी जातो.”

...



स्वामीजींनी बाही वर सारली. वाटीने फायटरला अलगद उचलून परत बरणीत ठेवलं. मग कोपरापर्यंत हात पाण्यात घालून ते दगड हलवू लागले. गुहा मोडली. डावीकडच्या वनस्पती उपटून उजवीकडे लावल्या.

“हे काय करताय?”

“घर विस्कटतोय.”

मला राहवलं नाही. “स्वामीजी, पाणी इतकं गढूळ झालं तर बाकीचे मासेसुद्धा दगावतील. मी कुठेतरी वाचलंय...”

“सर, तुमचा चहा थंड होतोय.”

मी चहा प्यायलो.

“आधी हे बारके रुळू देत,” स्वामीजी बसलिंगला म्हणाले. “मग याला सोडू. शेवटी.”

“शेवटी? तो पहिला आलाय!”

“म्हणूनच. सगळी टाकी आपलीच वाटते त्याला.”

...

आठवडाभराने बसलिंगनेच फायटरला टाकीत सोडलं.

फायटर काचेच्या कडेकडेने हळूहळू फिरला. प्रत्येक दगडामागे डोकावला. ओळखीचं काहीच नव्हतं. बारके मासे आपल्या उद्योगात होते. फाटक्या शेपटीचा तर त्याच्या तोंडासमोरून गेला. फायटरने पंख पसरले... थांबला... आणि मिटले. मग एका पानाखाली जागा बघून स्थिर झाला.

बसलिंग काचेला नाक लावून बसला होता. बराच वेळ तो उठलाच नाही.

“तुझी वळकटी कुठाय?” स्वामीजींनी विचारलं.

“उंबऱ्याशी. नेहमीच्या जागी.”

“उचल. फाटकाबाहेर जा.”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “स्वामीजी...”

“जा.”

तो वाकला, पाया पडला, आणि वळकटी काखेत मारून निघाला. मागे वळून त्याने पाहिलं नाही.

मडिवाळ ताडकन उठला. “स्वामीजी, आम्हीच जातो की! आमच्यापायी त्याला कशाला...”

“बस खाली.”

मग स्वामीजी स्वतः उठले. बाजेवरचं घोंगडं त्यांनी खांद्यावर टाकलं, आणि त्या वयात, अनवाणी, अंगण ओलांडून फाटकाकडे गेले. तेही बाहेर पडले.

दोघे रस्त्यावर समोरासमोर उभे राहिलेले मला ओसरीवरून दिसत होते. बसलिंग लहान मुलासारखा रडत होता. स्वामीजी काहीतरी म्हणाले. त्याने मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पुढे बसलिंग, मागे घोंगडं घेतलेले स्वामीजी, असे दोघे आत आले.

ते काय म्हणाले असतील याचा मी पुष्कळ तर्क केला, आणि प्रत्येक तर्कावर शंकाही घेतली. शेवटी, स्वामीजी गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी, मी बसलिंगलाच विचारून खात्री करून घेतली. आता मठ तोच सांभाळतो. ते म्हणाले होते,

“तू हो पुढं. इथला सगळ्यात जुना मी. शेवटी यायचंय ते मला.”