बकुळा आणि तीन थेंब

निळाई नदीच्या काठी, चाफ्याच्या सावलीत, एक इवलीशी झोपडी होती. तिथे बकुळा आणि तिची आई राहत. आई गजरे करायची. मोगऱ्याचे पांढरेशुभ्र, अबोलीचे केशरी, आणि मधेमधे मरव्याची हिरवीगार पानं. त्या गजऱ्यांवर दोघींची चूल पेटायची. पण एके दिवशी आई विहिरीच्या पायरीवरून घसरली, पाय मोडला, आणि बाजाराला जायची पाळी बकुळावर आली.

बकुळाला बाजाराची फार भीती वाटायची. तिच्या डोक्यात शब्द फुलपाखरांसारखे भिरभिरायचे. गाणी असायची, गोष्टी असायच्या. पण ओठांपाशी आले की ते अडकायचे. “ग-ग-ग...” एवढंच बाहेर पडायचं. मुलं हसायची. शेजारची हौसा तर तिच्या मागे मागे “ग-ग-ग” करत फिरायची. म्हणून बकुळानं बोलणंच सोडून दिलं होतं. आईशी तेवढी ती बोले, तेही कानात.

उन्हाळ्यात निळाई आटली की तिच्या रुपेरी वाळूतच बाजार भरायचा. बकुळा तिथे टोपली मांडून बसली. “ताजी ताजी वांगी!” “बांगड्या भरा गं पोरींनो!” सगळे कसे खणखणीत ओरडत होते. बकुळा तोंड उघडायची आणि मिटायची. ऊन चढलं, गजरे माना टाकू लागले. एकही खपला नाही. डोळे पुसत ती टोपली घेऊन काठावर चढली आणि तिथल्या ओसाड बागेत जाऊन बसली.

बागेच्या भिंतीवर जुईचा एक वेल सुकत चालला होता. बकुळाच्या तांब्यात गजऱ्यांवर शिंपडायला आणलेलं घोटभर पाणी उरलं होतं. तिला स्वतःलाही तहान लागली होती. तरी तिनं ते सगळं वेलाच्या मुळाशी ओतलं.

आणि काय आश्चर्य! वेलावर टचकन एक कळी आली, कळी उमलली, आणि आतून बोटाच्या पेराएवढी परी बाहेर आली. कांद्याच्या पापुद्र्यासारखे झिरझिरीत, गुलाबी पंख. केसांत सोनेरी परागांचा चुरा.

बकुळा दोन पावलं मागे सरली आणि धपकन खाली बसली.

“घाबरू नकोस, बाळ,” परी किणकिणत्या आवाजात म्हणाली. “तू मला जागं केलंस. हे बघ, तीन पानांवर तीन थेंब आहेत. पानाला बोट लाव आणि इच्छा बोल. पण मोठ्यानं बोलायची. आणि थेंब खाली पडेपर्यंत जेवढं बोलशील, तेवढंच खरं होईल. त्याच्या पुढचं नाही.”

काय मागायचं ते बकुळाला ठाऊक होतं. मला गोड वाणी दे! तिनं पहिल्या पानाला बोट लावलं. थेंब थरथरला.

“मला गो-गो-गोड...”

टप्! थेंब पडला.

आणि आभाळातून धो धो गोड बरसू लागलं! बत्तासे, रेवड्या, बुंदीचे लाडू! एक लाडू तर थेट बकुळाच्या डोक्यावर फुटला. ती आ वासून बघतच राहिली. परीही बघत राहिली.

“अगं बाई! तुला खाऊ हवा होता?”

बकुळानं जोरजोरात नकाराची मान हलवली. तिला रडूही येत होतं आणि हसूही. आता जपून बोलायला हवं. तिला अंथरुणावर पडलेली आई आठवली. कोणते शब्द अडकत नाहीत, ते तिनं मनात शोधून ठेवले. मग खोल श्वास घेतला, दुसऱ्या पानाला बोट लावलं आणि म्हणाली,

“आईला चालू दे!”

टप्!

बकुळानं भिंतीवर चढून पाहिलं. चाफ्याखालच्या झोपडीतून आई बाहेर येत होती. चालत! काठीसुद्धा नव्हती हातात. बकुळानं दोन्ही हात गालांवर ठेवले.

“स्वतःसाठी नाही मागितलंस?” परीचे पंख फडफडायचेच थांबले. “असो. अजून एक थेंब आहे.”

बकुळा तिसऱ्या पानाकडे वळणार, तेवढ्यात दुरून घर्रर्र असा आवाज आला. आभाळ तर निळंशार होतं! पण लांबच्या डोंगरावर काळे ढग फुटले होते, आणि नदीच्या वळणावरून तांबड्या पाण्याची भिंत धावत येत होती.

खाली वाळूत अख्खा बाजार होता. वळणाआडचं पाणी तिथून कुणालाच दिसत नव्हतं.

“प-परीताई!” बकुळा किंचाळली. तिचं बोट पानाकडे गेलं. पूर थांबू दे! पण बोट मधेच थबकलं. “पूर” म्हटल्याबरोबर थेंब पडला तर? तेवढंच खरं होईल! पूर दुप्पट होईल!

तिनं बोट मागे घेतलं. आता तिच्यापाशी तिचा स्वतःचा आवाज तेवढा उरला. ती भिंतीवर ताठ उभी राहिली.

“प-प-प...”

खालून हौसानं वर पाहिलं आणि खिदळली. “ऐका, ऐका! आज प-प-प!”

मुलं हसली. बकुळाचे कान लाल झाले. भिंतीवरून उतरून कुठंतरी लपावंसं वाटलं. पण पाणी धावत होतं. तिनं मुठी वळल्या.

“प-प-प-पूर! पूर आला! व-व-वर या!”

बांगडीवाल्या मावशीच्या हातातून बांगड्या गळून पडल्या. “अरे, ती बकुळा ओरडतेय! जी पोर कधी तोंड उघडत नाही, ती ओरडतेय! उठा, पळा!”

एकच धावपळ उडाली. कुणी तान्ही बाळं उचलली, कुणी म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं. सगळे काठाच्या चढावर धावले. हौसा मधेच घसरली. बकुळानं भिंतीवरून उडी मारली, चढावर पालथी पडून हात पुढे केला आणि तिला वर ओढलं. पुढच्या क्षणी तांबडं पाणी गर्जत वाळूवरून गेलं. दुकानांची पालं, टोपल्या, भाज्या, बांगड्या, सगळं गिळून गेलं.

माणूस मात्र एकही गेलं नव्हतं.

सगळे काठावर धापा टाकत बसले. हौसानं बकुळाचा हात धरूनच ठेवला होता. शेवटी मावशीनं विचारलं, “पोरी, तुला कसं कळलं गं?”

बकुळा सांगू लागली. शब्द अडकत होते. पण कुणी हसलं नाही, कुणी तिचं वाक्य पुरं केलं नाही. सगळे शेवटच्या शब्दापर्यंत थांबले. बकुळाला याचंच सगळ्यात नवल वाटलं.

मग परी तिच्या कानाशी आली. “तिसरा थेंब वाट बघतोय. तुला ‘गोड’ वाणी हवी होती ना? आता तरी माग.”

बकुळानं लोकांकडे पाहिलं. त्यांच्या हातात काहीच उरलं नव्हतं. वांगीवाले आजोबा तांबड्या पाण्याकडे टक लावून बसले होते. वेलापाशी जाऊन तिनं तिसऱ्या पानाला बोट लावलं आणि अजिबात घाई केली नाही.

“स-स-सगळ्यांच्या ट-ट-टोपल्या प-परत येऊ दे.”

थेंब पानाच्या टोकाशी आला, लोंबकळला, आणि थांबला! शेवटचा शब्द संपल्यावरच तो अलगद खाली उतरला.

“थांबला!” परी ओरडली. “थेंब थांबला! इतकी वर्षं मी परी आहे, पण माझा थेंब कधी कुणासाठी थांबला नव्हता!”

पुराच्या फेसावरून टोपल्या डुलत डुलत काठाला लागल्या. सगळ्या भरलेल्या, सगळ्या कोरड्या. परी हसली. तिच्या पंखांतून गुलाबी, सोनेरी, मोतिया उजेड फाकला. बाग उजळली, नदी उजळली, आणि त्या लखलखाटात परी विरघळून गेली.

पुढे बकुळा बाजाराच्या मधोमध बसून गोष्टी सांगू लागली. शब्द अजूनही अडकायचे, मोठ्या गावांहून आलेली माणसं मात्र श्वास रोखून ऐकायची.

एकदा हौसानं तिला हळूच विचारलं, “बकुळे, परीकडे सरळ बोलणं का नाही मागितलंस गं?”

बकुळानं हवा तेवढा वेळ घेतला.

“म-म-मागणार होते,” ती म्हणाली, “पण माझा आवाज तर क-कधीपासून माझ्याकडेच होता.”