मधाची वाटी

त्या साली श्रीकेवळनाथ महाराजांचा मुक्काम बोरगव्हाणच्या महादेवाच्या ओवरीत होता. गिरजा बुरडीण रोज पहाटे ती ओवरी झाडून घ्यायची. गावच्या नारोशास्त्री वैद्यांना महाराजांचे नाव खपत नसे. शास्त्रीबुवांच्या हाताला गुण मोठा, पण तोरा त्याहून मोठा!

गिरजेची लेक मंजुळा तापाने फणफणली. सातव्या दिवशी शास्त्रीबुवांनी नाडी पाहिली. "सन्निपात आहे. सोन्याची मात्रा मधातून चाटवायची, आजच्या आज."

बिचारीने मध तेवढा ध्यानात धरला. पायातली जोडवी देऊन वाटीभर मध घेतला आणि धावत वैद्यांची ओसरी गाठली.

"मात्रेचे पाच रुपये," शास्त्रीबुवा म्हणाले. गिरजा वाटी धरून उभीच राहिली. "नाहीत? औषधाचा पत्ता नाही आणि बाई अनुपानाचा मध घेऊन आल्या! जा, तुझ्या महाराजांना चाटव!"

ओसरी खो खो हसली. गिरजा रडतच महाराजांकडे आली. "देवा, मध हाय, मात्रा न्हाई. पोर जाती माजी!"

"मध आणलास ना? मग निम्मं काम झालं, पोरी," महाराज म्हणाले आणि त्यांनी मधात करंगळी फिरवली.

घरी जाऊन गिरजेने तो मध चाटवला मात्र, मंजुळेला दरदरून घाम फुटला. दिवस मावळायच्या आत ती उठून बसली. "आये, भाकर दे." काय सांगावा त्या माउलीचा आनंद!

हे कानी येताच शास्त्रीबुवा तणतणत गिरजेच्या घरी आले. "माझी मात्रा चोरलीस!" तिथेच त्यांनी आपली मात्रांची डबी उघडली, तर सगळ्या मात्रा जागच्या जागी. मग त्यांनी पोरीचे मनगट धरले. माणूस गर्विष्ठ खरा, पण नाडीशी कधी खोटे बोलला नव्हता. नाडी संथ, निर्मळ चालली होती. त्यांनी दुसरा हात पाहिला आणि ओवरीची वाट धरली. गिरजा लेकीला कडेवर घेऊन मागोमाग निघाली.

"महाराज, माझं औषध खोटं ठरलं."

"छे हो! तुमची मात्रा सोळा आणे खरी. तिनेही पोर उठली असती. पण तुम्ही तिला डबीबाहेर येऊ देईनात, म्हणून आम्हाला धावावं लागलं. आता वय झालं, वैद्यबुवा. रोज धावायला लावू नका."

शास्त्रीबुवांनी डबी महाराजांच्या चरणांशी ठेवून मस्तक टेकले. महाराजांनी ती उचलून परत त्यांच्या हाती दिली. "इथे काय कामाची? बुरूडआळीत अजून तिघं तापाने पडलेत."

शास्त्रीबुवा उठले आणि गिरजेपुढेही वाकले. "चल बाई, घरं दाखव." गिरजा लाजून अर्धी झाली, आणि कडेवरची मंजुळा खुदकन हसली.