राईत एक की दोन?

एकदा एका शिष्याने दीक्षेला दोनच दिवस उरले असताना आपली वळकटी बांधली आणि ती कोठीच्या दारामागे लपवून ठेवली. आपण मठ सोडून चाललो आहोत हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. आचार्यांना तर नाहीच नाही.

मठ एका देवराईच्या कडेला होता. त्या राईत आद्यगुरूंना अगदी कोवळ्या वयात दर्शन घडले आणि त्यातूनच हा पंथ उभा राहिला, अशी सर्वांची श्रद्धा होती. आद्यगुरूंना जाऊन फार वर्षे झाली नव्हती. त्यांच्या तोंडून ती हकीगत ऐकलेली माणसे पंचक्रोशीत अजून हिंडतीफिरती होती. दीक्षा घेणाऱ्याने सभेपुढे उभे राहून ती दर्शनकथा सांगायची, असा मठाचा परिपाठ होता. आता हा शिष्य स्वभावाने भलताच काटेकोर. आमटीत मीठ घातले का, हेदेखील तो आचाऱ्याला दोनदा विचारी आणि शिव्या खाई. कथा सांगायची तर ज्यांनी ती ऐकली त्यांच्याकडूनच समजून घ्यावी, म्हणून तो गावोगाव फिरला. तिथेच सगळा घोटाळा झाला.

एका म्हाताऱ्या गुराख्याला आद्यगुरूंनी सांगितले होते, की मी आपल्या पापांच्या ओझ्याने राईत रडत बसलो होतो, तेव्हा एक तेजस्वी पुरुष आला आणि तुला क्षमा आहे, असे म्हणाला. एका शास्त्रीबुवांना सांगितले होते, की इतक्या पंथांत खरा कोणता हे विचारायला मी राईत गेलो, तेव्हा दोन तेजस्वी पुरुष दिसले आणि त्यांनी यांतला कोणताच धरू नकोस असे बजावले. एकट्या राहणाऱ्या एका म्हातारीला सांगितलेल्या हकिगतीत तर आधी अंधारच होता. कोणी गळा आवळावा तशी आद्यगुरूंची वाचा बसली, आता मरतो असे वाटले, आणि मग उजेड पडला. त्या उजेडात कितीजण होते हे तिला माहीत नव्हते आणि तिला त्याचे काही वाटतही नव्हते.

शिष्याला मात्र फार वाटले. बिचाऱ्याची झोप उडाली. आद्यगुरूंवर त्याचा जीव होता, आणि ज्याच्यावर जीव असतो त्याच्यावरचा संशय माणसाला सर्वांत जास्त जाळतो. शेवटी त्याने आचार्यांकडे जाऊन तिन्ही हकिगती त्यांच्यापुढे मांडल्या.

“गुरुजी, राईत एक दिसले की दोन?”

आचार्य जानव्याचे सूत कातत होते. त्यांनी टकळी खाली ठेवली, शिष्याकडे थोडा वेळ पाहिले आणि विचारले, “तुझी आई कधी येते आहे?”

“आज दुपारी येईल. पण गुरुजी, मी विचारलं की...”

“ऐकलं मी. आई आली की मला सांग.”

दुपारी आई आली. बैलगाडीतून सावकाश आली, कारण बरोबर शिष्याची धाकटी बहीण यमू होती आणि यमूला सातवा महिना होता. सोबत आत्याही होती. लेक दीक्षा घेणार म्हणून आईने नवे लुगडे नेसले होते, आणि येताना सगळ्या मठाला पुरतील इतके लाडू आणले होते. शिष्याने तिचा चेहरा पाहिला. वळकटीबद्दल सांगण्याऐवजी त्याने लाडवांची टोपली उचलून आत नेली.

आत्या पाय धुवायला झऱ्यावर गेली होती. पडवीत आई आणि यमू टेकल्या होत्या. तेवढ्यात आचार्य आले, समोर बसले आणि म्हणाले, “बाई, हा तुमचा मुलगा जन्मला तेव्हाची हकीगत सांगा बरं.”

शिष्य कानापर्यंत लाल झाला. जन्मभर ब्रह्मचर्य पाळलेल्या या म्हाताऱ्याला बाळंतपणाची चौकशी कशाला हवी? पण आईला कसला आलाय संकोच! ती खुलली.

“अहो महाराज, काही त्रास म्हणून झाला नाही. पहाटे कळा लागल्या. घरात मी आणि सुईण, तिसरं माणूस नाही. तिनं माझा हात जो घट्ट धरला, तो सोडलाच नाही. उजाडतंय तोवर चुटकीसरशी हा बाहेर!”

यमू पोटावर हात ठेवून ऐकत होती. ती हसली आणि दुपारभर चांगली झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि आत्या उद्याच्या जेवणावळीचे तांदूळ निवडत होत्या. आचार्य पुन्हा येऊन बसले. “बाई, हा जन्मला तेव्हाची हकीगत काय म्हणालात?”

आईने आत्याकडे पाहिले. म्हातारपणी विसरायला होते बिचाऱ्यांना, असे तिच्या नजरेत स्पष्ट होते. तिने न कंटाळता पुन्हा सांगायला घेतले. “या आमच्या वन्सं होत्या म्हणून आम्ही दोघं आज दिसतोय, महाराज. निरोप मिळाल्याबरोबर चिखल तुडवत माहेरी आल्या. पाणी तापवलं, माझं डोकं मांडीवर घेतलं. यांचे उपकार मी या जन्मी विसरायची नाही.”

“इश्श, मी काय केलं!” आत्या म्हणाली आणि सुपातल्या तांदळांत नसलेले खडे शोधू लागली.

शिष्याने मान वर केली. काल सुईण एकटीच होती. आज आत्या धरून दोन झाल्या.

संध्याकाळी आत्या आणि यमू राईत दिवा लावायला गेल्या. आई पडवीत लेकाच्या उद्याच्या वस्त्राला काठ शिवत होती. शिष्य शेजारी बसला होता. आचार्य आले. या वेळी त्यांनी विचारले नाही, नुसते समोर बसले. आईनेच सुई थांबवली.

“तुम्ही दोनदा विचारलंत, महाराज, आणि मी दोनदा काहीबाही सांगितलं. उद्या हा तुमचा होणार, तर आज याला ऐकू दे.” ती लेकाकडे वळली. “सगळा दिवस आणि सगळी रात्र गेली रे. शेवटी माझा आवाजच गेला. डोळ्यांपुढे अंधार. मी मनात म्हटलं, देवा, मला ने, पण याला ठेव. मग तू रडलास. तो आवाज ऐकला आणि मी जगले. हे मी तुझ्या बापालासुद्धा कधी सांगितलं नाही.”

शिष्याचे डोळे भरून आले. तरी स्वभाव कुठे जातो? “पण आई, काल तर चुटकीसरशी म्हणालीस! आणि सुईणीवाचून तिसरं कोणी नव्हतं म्हणालीस. मग आत्या कुठून आली?”

“अरे, यमू बसली होती ना समोर! पहिलटकरीण पोर. तिला का घाबरवू? तिला तिचा हात धरणारं कोणीतरी हवं होतं, म्हणून सुईण सांगितली. आत्या होतीच. तिच्या तोंडावर तिचं नाव घेऊ नको, तर कोणाचं घेऊ? काहीतरीच विचारतोस!” एवढे बोलून ती दिवा लावायला आत गेली. लेकाच्या या प्रश्नाची तिला गंमत वाटली असावी.

मग आचार्य बोलले. “आई खोटं बोलली का रे?”

“नाही, गुरुजी.”

“कशावरून? कळा किती वेळ होत्या ते जुळत नाही. माणसं किती होती तेही जुळत नाही.”

शिष्याने आईने अर्धवट सोडलेल्या वस्त्राकडे पाहिले. मग म्हणाला, “मी जन्मलो ना, गुरुजी. मी इथं बसलोय.”

“तेवढंच बघायचं असतं,” आचार्य म्हणाले. “राईत काय घडलं ते मला ठाऊक नाही. मी तिथं नव्हतो. कदाचित आद्यगुरू काही विसरलेही असतील, काही त्यांना मागाहून उमगलं असेल. माणूस होते ते. पण तू त्या तिघांच्या घरी जेवलास. काय पाहिलंस? त्या गुराख्यानं तरुणपणी रागाच्या भरात सख्ख्या भावाचं डोकं फोडलं होतं. जीव द्यायला निघाला होता तो. आज त्याच भावाला तो स्वतःच्या हातानं भरवतो. शास्त्रीबुवा वादात कोणाला ऐकत नसत. आता त्यांच्या ओटीवर सगळे पंथ एका चटईवर बसतात. आणि त्या म्हातारीची दोन मुलं एका आठवड्यात गेली, तेव्हा तिची वाचाच बसली होती. आद्यगुरूंनी तिला अंधारापासून सांगितलं. ती पुन्हा बोलू लागली. तू घरोघरी जाऊन आकृत्या मोजल्यास, बाळा. समोर जेवण वाढणारं माणूस पाहिलंच नाहीस.”

ते उठले. जाता जाता म्हणाले, “कोठीत उंदीर फार झालेत. दारामागं काही ठेवलं असशील तर काढून घे.”

दुसऱ्या दिवशी सभा भरली. गुराखी, शास्त्रीबुवा, ती म्हातारी, सगळे आले होते. शिष्य उभा राहिला.  त्याने कुठली एकच कथा निवडली नाही. आद्यगुरूंनी कोणाला काय सांगितले ते त्याने जसेच्या तसे, काही न जुळवता आणि काही न लपवता सांगितले. आजवर त्या तिघांनी एकमेकांची हकीगत कधी ऐकलीच नव्हती. सभेत कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्या गुराख्याला राहवले नाही, तो काठी टेकत उठला.

“दोघं होते म्हणतोस? मग मला एकच का सांगितला रे? मी अडाणी म्हणून?”

 आचार्यांनी डोळे मिटून घेतले. काल शिकलेले सगळे शिष्याला त्या क्षणी आठवलेच असे नाही. पण त्याने त्या म्हाताऱ्याकडे नीट पाहिले, आणि त्याच्या मागे बसलेल्या, कपाळावर जुना व्रण असलेल्या भावाकडेही पाहिले.

“नाही, आजोबा,” तो म्हणाला. “त्या दिवशी तुम्हाला क्षमा करणारा एकच जण हवा होता.”

म्हातारा उभाच राहिला. भावाने मागून त्याचे धोतर धरून त्याला हलकेच खाली बसवले, आणि मग त्याचा हात हातात घेऊन तोही उरलेली कथा ऐकत बसला.