सोबतचा माणूस

“...म्हणजे ती शांती औषधाची. माझी कशी म्हणायची?”

अच्युतानंदांनी विचारलं. त्यांचे गुरू नरहरीस्वामी सुपातले तांदूळ निवडत होते. ते निवडतच राहिले.

अच्युतानंद मठातले सगळ्यांत विद्वान संन्यासी. मनावर बोलायला लागले की ऐकणारे जेवणाची पंगत विसरत. गेलं वर्षभर मात्र त्यांचं स्वतःचंच मन उभारी धरत नव्हतं. अन्नाला चव लागेना, जपात लक्ष लागेना. दोनदा तर ते डोहाच्या काठावर जाऊन उभे राहिले होते.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे नैराश्य. जुन्या गोळ्या लागू पडल्या नाहीत. आता नवं औषध होतं, नाकात फवारायचं. मेंदूतल्या वेगळ्याच रिसेप्टरवर ते काम करतं, काहींना दिवसभरातच उतार पडतो, असं बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं.

अच्युतानंद त्या चित्रापाशीच अडले होते. बारा वर्षांच्या साधनेनं जे झालं नाही ते एका फवाऱ्यानं होणार असेल, तर साधना कशाची आणि साधक कोण, यावर ते बराच वेळ बोलले. डोळ्यांखाली काळं होतं, पण भाषा नेहमीसारखीच रसाळ.

“घेतलंस का औषध?”

“नाही.”

“का?”

“त्यांनी दिलं नाही. औषधानंतर गुंगी येते. दोन तास तिथंच ठेवतात, मग परत न्यायला माणूस लागतो. फॉर्मवर सोबतच्या माणसाचं नाव विचारलं होतं.”

“काय लिहिलंस?”

“कोणी नाही.” अच्युतानंदांची मान ताठ झाली. “संन्याशाला कोण असतं?”

नर्सनं फॉर्म परत केला होता. मठात कुणाला सोबत चल म्हणायची त्यांना लाज वाटत होती. परतताना पाय पुन्हा डोहाकडे वळले होते, हेही त्यांनी आता सांगून टाकलं.

स्वामींनी सूप खाली ठेवलं.

त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतलेला होता. मठापुढचा ओढा ओलांडायचा नाही, हा त्यांचा नेम एकोणीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. आता ते उठले आणि अनवाणीच ओढ्यात उतरले.

अच्युतानंद घाबरून मागे धावले.

“स्वामीजी, आपला नेम...”

स्वामी पलीकडच्या काठावर चढले. छाटीचा भिजलेला काठ पिळत म्हणाले,

“तालुक्याची बस कितीची आहे?”