यंत्राचं पान

एका गावात एक हौशी शेतकरी राहत होता, रंभाजी. त्या गावात ज्वारीची मळणी कुणी एकट्यानं करत नसे. इर्जिक असे, म्हणजे आज सगळे तुझ्या खळ्यावर, उद्या माझ्या. मजुरी कुणी घ्यायची नाही. संध्याकाळी खळ्याच्या धन्यानं दारोदार जाऊन कामाला आलेल्यांना जेवायला बोलवायचं, एवढीच रीत.

रंभाजीनं मळणीयंत्र आणलं. चार दिवसांचं काम दुपारपर्यंत उरकलं. गावानं तोंडात बोटं घातली आणि रंभाजी फुगला. म्हाताऱ्या सरजाबाईच्या इर्जिकीला त्यानं ट्रॅक्टरवाल्याबरोबर नुसतं यंत्र धाडलं आणि आपण बाजेवर आडवा झाला.

"मी कशाला येऊ? धा माणसांचं काम एकटं करतंय ते!"

खोटं नव्हतं. बाकीच्यांनी कणसं ओतली, पोती उचलली आणि ऊन उतरायच्या आत ज्वारीची रास पडली. सरजाबाईला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं.

संध्याकाळी पुरणाचा वास सुटला. रंभाजी अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून ओट्यावर येऊन बसला. सरजाबाई अलीकडच्या दारी आली, पलीकडच्या दारी गेली, त्याच्या दारी मात्र थांबलीच नाही. ज्याला पंगतीचं बोलावणं नाही, तो गावात असून नसल्यासारखाच. शेवटी न राहवून रंभाजी खळ्यावर गेला.

पाहतो तर काय, पंगतीतलं पहिलं पान यंत्रापुढे! भोवती रांगोळी, पोळीवर तुपाची धार.

"काकू, माझं पान?"

"जो कामाला आला त्याचं पान, रंभाजी. रीत कशी मोडू? यंत्र आलं, ते बसलंय की जेवायला!"

पंगत खो खो हसली. यंत्र घेऊन तडक घरी जावं, असं रंभाजीच्या मनात आलं. पण पोळी निवत होती आणि यंत्र आपलं ढिम्म. ते पाहून त्यालाच हसू फुटलं. त्यानं बाह्या सारल्या, आमटीचं भांडं उचललं आणि साऱ्या पंगतीला वाढत सुटला.

वाढून होताच सरजाबाईनं त्याचा हात धरला. "आत्ता आलास बघ कामाला. बस."

"आन् ह्याचं पान?"

"त्याचा धनी कोण? खा दोन्ही!"

रंभाजीनं दोन्ही पानं चाटूनपुसून संपवली. तेव्हापासून यंत्र ज्या खळ्यावर जातं, तिथं रंभाजी त्याच्या आधी पोचलेला असतो. मळणी लवकर उरकते, त्यामुळे पंगतीला आता गप्पांची चंगळ असते.

तात्पर्य: काम यंत्राला सांगता येतं, शेजारधर्माला मात्र स्वतःच जावं लागतं.